सात नंबरची जर्सी

आमच्या घरात दाराच्या मागे एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर बाबांची शिट्टी टांगलेली असायची. शिट्टी जागेवर असली की बाबा घरात, नसली की कॉलेजात. बाहेरून आल्यावर मी आधी त्या खिळ्याकडे पाहायचे आणि मगच चपला काढायचे. बाबांनी मला उभ्या आयुष्यात एक चापट मारली नाही. तरी मी त्यांना भ्यायचे. मी मुळातच भित्री. पालीला भ्यायचे, परीक्षेला भ्यायचे, आत्याला भ्यायचे. पण बाबांच्या भीतीची जात वेगळी होती. ते रागावतील याची ती नव्हती. ते माझ्याकडे बघणारच नाहीत, याची होती.

बाबा कॉलेजात खेळांचे सर होते. माझं दुर्दैव असं, की मलाही त्याच कॉलेजात घातलं, कारण मुलीच्या जातीने बापाच्या नजरेखाली शिकावं, असं आत्याचं मत होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि आमच्या सक्करदऱ्याच्या घरात तिचाच शब्द चालायचा. पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकात सायकलवरून मला उतरवताना बाबा म्हणाले, "इथून आत मी बाबा नाही. सर." घरी 'मले-तुले' बोलणारा माणूस फाटकाच्या आत 'मला-तुला' बोलायचा.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. आमच्याकडे ती उलटी होती. कॉलेजचे कॅनव्हासचे बूट वाटायचे तेव्हा मला शेवटी मिळायचे, आणि शेवटी उरलेले बूट नेहमी मोठे असायचे. मी त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खेळायचे. उशीर झाला तर इतर मुलींना ग्राउंडला एक चक्कर आणि मला बाबा 'थांब' म्हणेपर्यंत. सराव चालू असताना ते प्रत्येकीच्या मागे उभे राहून हात कसा धरायचा, गुडघा कसा वाकवायचा ते सांगत. माझी पाळी आली की त्यांना नेटची दोरी ढिली झालेली दिसायची. दोरी ओढत ओढत ते पार दुसऱ्या खांबापर्यंत जायचे.

मी चांगली खेळायचे. हे मीच सांगते, कारण तेव्हा दुसरं कोणी सांगत नव्हतं. मी उंच नव्हते, नेटवर मला स्मॅश मारता यायचा नाही. पण मागे उभी राहिले की माझ्या बाजूला बॉल जमिनीला टेकू द्यायचे नाही. मुरमाचं ग्राउंड होतं. रोज कोपरं सोलून निघायची. संध्याकाळी आत्या हळद आणि तेल घेऊन बसायची आणि कोपरांना लावता लावता बोलायची, "हे काय पोरीचे हात होय? कोणता नवरा पाहीन वं असे हात?"

ती नुसतं बोलत नव्हती. हिंगणघाटला जिनिंगवाल्यांचं एक घर तिने पाहून ठेवलं होतं. हिंगणघाट या गावाने माझं काहीही वाईट केलेलं नाही, पण त्या वर्षी कोणी कापसाचं नाव काढलं तरी माझे हातपाय गार पडायचे. मला अमरावतीला जायचं होतं. तिथे खेळ शिकवायचं शिकवतात, तो कोर्स करून मला बाबांसारखंच व्हायचं होतं. बी.ए. संपत आलं होतं. मी धीर करून एकदा आत्यापाशी विषय काढला. ती म्हणाली, "तू चांगली खेळतं असं कोण म्हणते? तुया बाप तं कधी म्हणत नाही. त्याले खेळातलं समजते ना? तो गप्प आहे म्हणजे काय समजाचं आम्ही?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पेपर वाचत होते. पेपरामागूनच म्हणाले, "मी माह्या तोंडानं माह्या पोरीचं कौतुक करणार नाही. कालेजनं म्हटलं तं गोष्ट वेगळी."

झालं. त्या वाक्यावर आमच्या घरी सगळं ठरलं. दरवर्षी गॅदरिंगमध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला कप आणि ब्लेझर मिळायचा. तो मला मिळाला तर अमरावती. नाही मिळाला तर परीक्षेनंतर हिंगणघाटची पाहुणे मंडळी. आणि तो कप कोणाला द्यायचा हे ठरवायचं कोणी? खेळाच्या सरांनी. म्हणजे बाबांनी.

त्या दिवसांत मी दोन्ही बाजूंनी घाबरलेली होते. कप मिळाला तर मुली काय म्हणतील, आणि नाही मिळाला तर माझं काय होईल. जेवताना घास फिरायचा. आणि मुली काही म्हणायच्या आधीच कोणीतरी ते म्हणून टाकलं. एका दुपारी खेळाच्या खोलीत गेले तर फळ्यावर खडूने लिहिलेलं: 'बेस्ट प्लेअर : घरची मुलगी. टाळ्या.'

बाबा माझ्या मागूनच आत आले. त्यांनी वाचलं. खिशातला रुमाल काढून स्वतःच्या हाताने फळा पुसला आणि खडूने पांढरा झालेला रुमाल तसाच खिशात ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. मग सगळ्या टीमला बोलावून त्यांनी जाहीर केलं, "या वर्षी मी ठरवणार नाही. बाहेरचा माणूस ठरवेल. तो एकाही मुलीला ओळखत नसेल. त्याला कोणी नाव सांगायचं नाही. तो फक्त जर्सीचा नंबर सांगेल, आणि तोही थेट प्राचार्यांना. फायनलला मी ग्राउंडवरसुद्धा येणार नाही."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. न वाजवून काय करते, मीही वाजवल्या.

आर्ट्स विरुद्ध सायन्स अशी फायनल होती. परीक्षक म्हणून अजनीचे एक गृहस्थ आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, तरुणपणी रेल्वेच्या टीममधून खेळलेले. जाड भिंगांचा चष्मा, पांढरं धोतर, पायात कॅनव्हासचे बूट. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि फार लक्ष देऊन बघू लागले. बाबा खेळाच्या खोलीत दार लावून बसले होते. पोरीच्या आयुष्याचा खेळ चाललेला आणि बाप भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त भीती वाटत होती.

आम्ही मुली तेव्हा सलवार-कमीजवरच जर्सी चढवून खेळायचो. आणि आमच्या टीमचा एक टोटका होता. गेम हरलो की सगळ्यांनी जर्स्या काढून एका जागी ढीग करायचा आणि आपली सोडून दुसरीची उचलायची. म्हणजे नशीब उलटतं. कोणी काढला होता हा टोटका देव जाणे, पण आमचा त्याच्यावर परीक्षेच्या दिवशीच्या दह्याएवढा विश्वास होता. बाबा ग्राउंडवर असताना असलं काही करायची एकीचीही छाती नव्हती. खेळाडूने नंबर बदलायचा नसतो हे त्यांनी आम्हाला पढवलेलं होतं. पण बाबा नव्हते, आणि अंपायर म्हणून उभा केलेला सीनियर मुलगा आमच्याकडे बघून नुसता हसत होता.

पहिल्या गेमला सात नंबर माझ्या अंगावर होता. मी जीव तोडून खेळले. डावीकडचा बॉल काढला, उजवीकडचा काढला, एकदा तर पार खुर्च्यांजवळ लोळत जाऊन काढला. तरी आम्ही हरलो. शिपायाने परीक्षकांना चहा आणि चिवडा आणून दिला. ते बशीत चहा ओतून फुंकर मारत होते, तेवढ्यात आमचा ढीग झाला आणि मोडला. माझ्या हाताला चार नंबर लागला. सात नंबर उचलला जरीपटक्याच्या मुलीने.

ती आमच्यातली सगळ्यात उंच. तिच्या वडिलांचं जरीपटक्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि ती अगदी मजेत होती. त्या दिवशी तिचा हात काय लागला म्हणता! मारला स्मॅश की गेला, मारला की गेला. दुसरा गेम जिंकलो, तिसराही जिंकलो. मी चार नंबरात तशीच मागे लोळत होते, पण परीक्षकांचे डोळे एव्हाना सात नंबरवर बसले होते. मुलींनी मला उचलून धरलं, जरीपटक्याच्या मुलीलाही उचललं. जर्स्यांची आठवण कोणालाच नव्हती. मला तर नव्हतीच.

गॅदरिंग त्याच आठवड्यात झालं. दुपारची वेळ, हॉल खच्चून भरलेला, मागे मुलं शिट्ट्या मारत होती. बाबा स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून उभे. गळ्यात शिट्टी. आमचा विषय आला तेव्हा प्राचार्यांनी परीक्षकांनाच माईकपाशी बोलावलं.

"मी रेल्वेचा माणूस, मले लंबं भाषण येत नाही," ते म्हणाले. "सात नंबरची पोरगी. पहिल्या गेममध्ये जमिनीवर लोळू लोळू बॉल काढून राहिली होती. अन् नंतर नेटवर काय स्मॅश मारले, वा! मागचं पण खेळते अन् समोरचं पण. अशी पोरगी मी पाहिली नाही."

पाहिली नसणारच. ती पोरगी जगात नव्हतीच. तिचा मागचा भाग मी होते आणि पुढचा भाग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून चिंच चोखत होता.

"सात नंबरने वर यावं," प्राचार्य म्हणाले.

जरीपटक्याच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. उठले तर बापाच्या जोरावर उठली म्हणतील. बसून राहिले तर हिंगणघाट. तिनेच माझा दंड धरला. "उठ वं, दोघी जाऊ," म्हणाली, आणि मला ओढतच उभी राहिली.

"दोन-दोन सात!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसला. प्राचार्यांनी आम्हाला पाहिलं, मग परीक्षकांना, मग बाबांना. "सर, यातली सात नंबर कोणती?"

"सर, पहिला गेम हिने खेळला सात नंबरात, मग मी," जरीपटक्याची मुलगी म्हणाली. "आम्ही जर्स्या बदलल्या होत्या. टोटका म्हणून."

बाबांचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. त्यांनी एवढी कुंपणं घातली होती. बाहेरचा माणूस आणला, नावं झाकली, स्वतः दार लावून बसले. आणि गोष्ट फिरून फिरून पुन्हा त्यांच्याच दारात येऊन उभी राहिली होती. आपली पोरगी की दुसऱ्याची, भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फाटकाच्या आत त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. एक क्षण मला वेडी आशा वाटली. निदान परीक्षकांना विचारतील, की पहिल्या गेमची आवडली की नंतरची. निदान म्हणतील, दोघींना द्या.

"तू बस," बाबा म्हणाले.

परीक्षक गडबडले. मी कोण हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. "पण सर, ते मागचं खेळणारी पण—" एवढं त्यांनी म्हटलं, तोवर बाबांनी हात वर केला होता. मी खाली आले. कप जरीपटक्याच्या मुलीला मिळाला. तिचा खेळ चांगलाच होता, तिच्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण हॉलमध्ये टाळ्या वाजल्या त्या तिच्यासाठी कमी आणि बाबांसाठी जास्त होत्या. "सर म्हणजे सर!" माझ्या मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला. मी आपल्या कोपरावरची खपली नखाने काढत बसले.

बाहेर जरीपटक्याच्या मुलीने कप माझ्यापुढे धरला. "घे वं तू. मले काय करायचं याचं? सासरी शोकेसमध्ये ठेवतील आन् त्यात बटणं टाकतील." मी नको म्हटलं. कप घेऊन काय करणार होते? कॉलेजने म्हणायला हवं होतं, आणि कॉलेज म्हणालं होतं, तू बस.

सायकलवर मी मागच्या कॅरिअरवर बसले. बाबांची पाठ नेहमीपेक्षा ताठ होती. मी मनातल्या मनात साडी नेसून हिंगणघाटच्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा ठेवत होते, आणि त्या बशा माझ्या हातात वाजत होत्या.

घरी आत्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. आई चुलीपाशी होती. बाबांनी शिट्टी खिळ्याला अडकवली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं, अगदी टोटक्यापासून. शेवटी म्हणाले, "कोणाले बोट दाखवाले जागा ठेवली नाही."

"मंग हिंगणघाटवाल्याइले बोलावून घ्या," आत्या म्हणाली.

मी खांबाला धरून उभी होते. मला रडूसुद्धा येईना, इतकी मी घाबरले होते. तेवढ्यात आई बोलली. आमची आई घरातल्या मोठ्या गोष्टींत कधी बोलायची नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतला आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "मले खेळातलं काही समजत नाही जी. पण इतकं समजते. तुम्ही आज पोरीची बाजू नाही घेतली, आपल्या नावाची घेतली. तोही पक्षपातच होय."

बाबा मोरीत गेले. हातपाय धुतले, पाटावर बसले, खाली मान घालून जेवले. भाकरी करपली होती, तीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या अंथरुणापाशी उभे होते. "बूट घाल," म्हणाले. "ग्राउंडवर चाल." शिट्टी त्यांनी खिळ्यावरच राहू दिली.

कॉलेजला सुट्टी होती. ग्राउंडवर आम्ही दोघंच. बाबांनी नेट बांधलं, दोरी ओढली, पण या वेळी एकदाच ओढली. मग त्या कडुलिंबाखाली परीक्षक बसले होते तिथेच जाऊन उभे राहिले, तोंड माझ्याकडे करून. "सर्व्हिस कर."

मी बॉल उडवला आणि तो सरळ नेटमध्ये गेला. दुसरा गेला बाहेर.

"मी पाहून राहिलो म्हणून का वं?" बाबांनी विचारलं. ग्राउंडवर, फाटकाच्या आत, 'वं' म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "मले तुमचं भेव लागते."

त्यांनी बाहेर गेलेला बॉल उचलला आणि त्यावरची माती पुसली. "मलेही लागते," म्हणाले. "लोकाइचं. त्या फळ्यावरचं वाचलं अन् माह्या पोटात पाणी झालं होतं. काल स्टेजवर तं पायच कापून राहिले होते."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं आमच्या घरात न्याय राहतो. न्याय थोडा होता आणि बाकी सगळी भीतीच होती, माझी आणि त्यांची मिळून. मग त्यांनी नेटपलीकडून बॉल टाकायला सुरुवात केली. डावीकडे टाकला, मी काढला. उजवीकडे टाकला, काढला. मुद्दाम लांब टाकला, मी मुरमावरून घसरत गेले आणि काढला. ऊन डोक्यावर येईपर्यंत ते टाकत होते आणि मी काढत होते. एकदाही त्यांनी दोरीकडे पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा आत्या दारात बसली होती. माझी कोपरं पाहून तिने न बोलता हळदीची वाटी पुढे ओढली. बाबा उंबऱ्यातच थांबले. घसा खाकरला. मी त्यांच्या मागे होते, त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"पोरगी चांगली खेळते," ते म्हणाले. "मी पाहिलं. अमरावतीले धाडतो तिले. कॉलेजकडून काय लिहून द्यायचं ते मी देतो, माह्या सहीनं. कोणी काही म्हणो."

आत्याने वर पाहिलं. "एवढंच म्हणाचं होतं तं आधी काहून नाही म्हटलं, गा?" ती म्हणाली. "मी रोज हिच्या कोपराले हळद लावून राहिली, मले काय दिसत नोहोतं? बापाच्या तोंडून ऐकाचं होतं फक्त. तू म्हटलं असतं तं मी हिंगणघाटचं नाव तरी काढलं असतं का?"

मला आनंद व्हायला हवा होता. पुढे झालाही, अमरावतीची बस पकडली त्या दिवशी. पण त्या क्षणी मला त्या दोघा भावंडांचा इतका संताप आला, इतक्या महिन्यांच्या त्या गार पडलेल्या हातापायांचा, घशात फिरलेल्या घासांचा, की मी दाराच्या मागे गेले, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि घरातल्या घरात, होता नव्हता तेवढा दम लावून वाजवली.

बाबा दचकले.